तीच गोळी, तोच आजार, मग वहिनींनाच एवढा त्रास का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. त्यातला गाभा देते.

‘ताई, माझी पत्नी ३६ वर्षांची. उंची १५५ सेंमी, वजन ५२ किलो. दिवाळीनंतर तिला फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रिपोर्टात ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्यानं वाढणारा कॅन्सर, आला. मुंबईत सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या झाल्या. महिनाभर विश्रांती, मग पाच दिवसांची पहिली सायकल, म्हणजे पाच दिवस गोळ्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत विश्रांती. गोळी आम्ही रेडिएशनच्या दिवसांसारखीच सकाळी सातला उपाशीपोटी देत होतो. धर्मशाळेत आमच्या शेजारी वर्ध्याकडचे एक काका होते, पंचावन्न वर्षांचे. तोच आजार, तीच गोळी. ते गोळी घेऊन फिरून यायचे आणि नाश्त्याला वडापाव खायचे. हिला पाचही दिवस उलट्या. बाविसाव्या दिवशी प्लेटलेट ४२ हजार. डॉक्टर म्हणाले, पुढची सायकल लांबवू आणि डोस कमी करू. माझी आई म्हणते, हिचं मनच कच्चं, पहिल्यापासून नाजूक. आता ही बाथरूमचा नळ सोडून उलटी करते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तिचं खरंच काही चुकतंय का? त्या काकांत आणि हिच्यात फरक काय? आणि डोस कमी झाला तर गाठ वाढेल का?’

भाऊ,

नळाचं ते वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोड्या वेळानं पुन्हा उचललं. बाकी सगळ्यावर बोलूच, पण आज घरी गेल्यावर पहिलं काम हे करा. वहिनींना सांगा की उलटी लपवायची नाही. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही हे तर खरंच, पण त्याहून मोठं कारण असं की किती वेळा झाली, कधी झाली हे कळलं नाही तर डॉक्टरांना औषध बदलता येत नाही.

वहिनींचं काहीही चुकलेलं नाही. त्यांच्या मनाच्या कच्चेपणाचा आणि ४२ हजार प्लेटलेटचा काडीचा संबंध नाही.

मी रुग्णालयाच्या औषध विभागात चोवीस वर्षं काढली. केमोच्या गोळ्या मोजून, पाकिटावर लिहून, समजावून हातात द्यायच्या हेच माझं काम. औषधाच्या डबीत घडी घातलेला एक लांबलचक कागद असतो, मुंगीएवढ्या अक्षरांचा. बहुतेक घरांत तो डबीबरोबरच कचऱ्यात जातो. टेमोझोलोमाइडच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात स्त्री-पुरुष फरकाची नोंद स्पष्ट शब्दांत आहे. सुमारे ११० स्त्रिया आणि १७० पुरुषांच्या नोंदी तिथं आहेत. पहिल्याच सायकलमध्ये जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, ५०० च्या खाली गेल्या अशा स्त्रिया १२ टक्के आणि पुरुष ५ टक्के. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, २० हजारांच्या खाली गेल्या अशा स्त्रिया ९ टक्के आणि पुरुष ३ टक्के. म्हणजे प्लेटलेटच्या बाबतीत तिप्पट. ही गोष्ट आज-काल कुणाच्या लक्षात आली असं नाही, ती छापलेलीच आहे. पण पेशंटला गोळी देताना ती कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही. मीही कित्येक वर्षं दाखवली नव्हती.

याची दुसरी बाजूही बघा. शंभरातल्या ८८ स्त्रियांच्या पांढऱ्या पेशी एवढ्या खाली गेल्या नाहीत, आणि काही पुरुषांच्या गेल्या. म्हणजे बाई आहे म्हणून त्रास होणारच, असं नाही. शक्यता जास्त आहे, एवढंच. वहिनींच्या ४२ हजार प्लेटलेट त्या २० हजारांच्या टोकाला गेलेल्याही नाहीत.

आपल्याकडचंही सांगते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी या गोळीनं कुणाच्या रक्तपेशी जास्त उतरतात याचा आपल्याच पेशंटांच्या नोंदींवरून पडताळा घेतला होता. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोखमीच्या गोष्टींत त्यांनाही स्त्री असणं आढळलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं हेच तपासलं होतं, तिथंही उत्तर त्याच दिशेचं.

आईंसाठी मात्र मी आणखी एक अभ्यास सांगेन. अमेरिकेत १९८० ते २०१९ या काळात झालेल्या कॅन्सरच्या औषधचाचण्यांतल्या तेवीस हजारांहून जास्त पेशंटांच्या नोंदी एकत्र करून २०२२ मध्ये त्याचा निष्कर्ष छापला गेला. यात मेंदूचेच पेशंट होते असं नाही, अनेक तऱ्हेचे कॅन्सर होते. गंभीर दुष्परिणामांचा धोका स्त्रियांमध्ये ३४ टक्क्यांनी जास्त निघाला. यावर कुणी म्हणेल की बायका जास्त सांगतात, पुरुष सोसतात, म्हणून आकडा फुगला. पण उलटी, थकवा असल्या सांगण्यावरून कळणाऱ्या त्रासांपुरता हा फरक नव्हता. रक्ताच्या तपासणीत दिसणाऱ्या बिघाडातही तो होता. आईंना एवढंच विचारा, की लॅबमधलं यंत्र थेंबभर रक्तातल्या प्लेटलेट मोजतं, त्याला नाजूक सून आणि खमकी सून यातला फरक कसा कळणार? रागानं विचारू नका. सुनेचा आजार बघून आईही घाबरल्या असतील. ‘मन घट्ट कर’ हे त्यांच्या हातातलं एकच औषध, म्हणून त्या तेच पुन्हा पुन्हा देतात.

आता काका आणि वहिनी यांच्यात फरक काय, ते बघू.

ही गोळी पोटातून रक्तात गेली की रक्ताच्या रसायनातच आपोआप फुटते. तिला कामाला लावायला यकृताची मदत लागत नाही. फुटल्यावर तयार होणारं द्रव्य पेशीच्या डीएनएवर एक छोटी खूण चिकटवतं, आणि ती खूण पुसता न आलेली पेशी पुढं विभागताना मरते. गाठीतल्या पेशी सतत विभागतात, म्हणून त्या सापडतात. पण आपल्या हाडांच्या आत, मज्जेत, रक्त तयार करणाऱ्या पेशीही रात्रंदिवस विभागत असतात, आणि ही खूण पुसण्याची त्यांची ताकद मुळात कमी. त्याही सापडतात. म्हणून प्लेटलेट उतरतात, पांढऱ्या पेशी उतरतात.

बाईच्या शरीरातून ही गोळी थोडी सावकाश बाहेर पडते, शरीराच्या मापाचा हिशेब धरूनही सुमारे ५ टक्के सावकाश. पण नुसत्या पाच टक्क्यांनी प्लेटलेटचा त्रास तिप्पट होत नाही. म्हणजे औषध किती वेळ टिकलं याच्या पलीकडे फरक मज्जेतच कुठंतरी असणार. शास्त्रज्ञ तो जनुकांमध्ये शोधत आहेत.

डोस कसा ठरतो हेही कळलं पाहिजे. उंची आणि वजनावरून शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढतात, वहिनींचं साधारण दीड चौरस मीटर येतं. रेडिएशनच्या काळात दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, म्हणजे ११२ च्या आसपास. पाच दिवसांच्या पहिल्या सायकलला १५०, म्हणजे २२५ च्या आसपास. मग २५०, १०० आणि २० च्या गोळ्यांत तो आकडा बसवायचा. हे गणित मी हजारो वेळा केलंय. या क्षेत्रफळाचं जुनं सूत्र १९१६ मधलं, आणि ते बसवलं होतं अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापांवर. सूत्रात उंची आहे, वजन आहे. त्या वजनात चरबी किती, स्नायू किती, हा देह बाईचा की पुरुषाचा, यातलं काही नाही.

आणि हे एकाच औषधापुरतं नाही. अमेरिकेत १९७७ मध्ये असा दंडक निघाला की मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू जपण्याचा होता. परिणाम असा झाला की सुरुवातीचे डोस मुख्यतः पुरुषांच्या अंगावर ठरले. १९९३ मध्ये तिथं धोरण बदललं. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी १९९२ मध्ये मंजूर झाली. स्त्रियांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते म्हणून त्यांचा डोस निम्मा, १० वरून ५ मिलिग्रॅम, करायला २०१३ उजाडलं. वीस वर्षं बायका सकाळी जड डोक्यानं उठून गाडी चालवत होत्या. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

टेमोझोलोमाइडचा मात्र स्त्रियांसाठी वेगळा डोस आज नाही, तेव्हा तसा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. त्याची भरपाई करणारी पद्धत उपचारातच आहे, रक्त बघायचं आणि त्याप्रमाणे पायरी उतरायची. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं. सायकल सुरू झाल्यापासून बाविसाव्या दिवशी तपासणी. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या असतील तर पुढच्या सायकलला एक पायरी खाली, म्हणजे १५० वरून १०० मिलिग्रॅम दर चौरस मीटर. आणि न्यूट्रोफिल १५०० च्या, प्लेटलेट एक लाखाच्या वर आल्याशिवाय पुढची सायकल नाही. वहिनींच्या ४२ हजारांना हा नियम अक्षरशः लागू पडतो. त्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी माघार घेतली असं समजू नका. हा उपचार लिहिला गेला तेव्हाच त्या पायऱ्या लिहिल्या होत्या.

डोस कमी झाला तर गाठ वाढेल का, या तुमच्या प्रश्नावर मी खोटा दिलासा देणार नाही. तुमच्या पत्नीच्या गाठीचं पुढं काय होईल हे एमआरआय आणि तुमचे डॉक्टरच सांगू शकतील. पण ज्या मोठ्या चाचणीमुळं रेडिएशनसोबत ही गोळी द्यायची पद्धत २००५ पासून जगभर रुळली, त्या चाचणीतही सगळ्यांना पूर्ण डोस झेपला नव्हता. दुसऱ्या सायकलला डोस १५० वरून वाढवून २०० च्या पायरीवर न्यायचा होता, तिथं ६७ टक्केच पेशंट जाऊ शकले. बाकीचे खालच्या पायरीवर राहिले, काहींच्या सायकली पुढं ढकलल्या गेल्या. गोळीचा फायदा मोजला तो या सगळ्यांना धरून. आणि उलट बाजूनं विचार करा. प्लेटलेट एवढ्या उतरलेल्या असताना हट्टानं पूर्ण डोस दिला आणि ऑपरेशन झालेल्या मेंदूत रक्तस्राव झाला, तर ते नुकसान कशानं भरून काढणार?

आणखी एक गोष्ट सांगते, आशा म्हणून नाही, माहिती म्हणून. हा आजार पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त होतो, साधारण दीडपटीहून थोडा जास्त. आणि २०१९ मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात याच प्रमाणित उपचाराला स्त्रियांच्या गाठींनी सरासरीनं पुरुषांच्या गाठींपेक्षा चांगला प्रतिसाद दिलेला दिसला. सरासरी ही सरासरीच असते. पण ‘बाईचं शरीर या उपचारापुढं दुबळं’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर ते पुराव्याला धरून नाही एवढं नक्की.

उलट्यांकडे येते, कारण इथं तुमच्या हातात बरंच काही आहे.

केमोच्या उलट्या कुणाला जास्त होतात यावर बराच अभ्यास झालाय. बाई असणं, वय कमी असणं, दारूची सवय नसणं, गरोदरपणात उलट्यांचा त्रास झालेला असणं, आणि गाडी लागणं. वहिनींना विचारा, मुलीच्या वेळी तीन-चार महिने काही पोटात ठरत नव्हतं का? एसटीत खंबाटकी घाटात पिशवी हातात धरून बसावं लागतं का? उत्तर हो असेल तर ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधीच सांगा. वहिनींच्या बाबतीत या यादीतल्या दोन-तीन गोष्टी असतील आणि काकांच्या बाबतीत एकही नसेल, एवढ्यानंच वडापावचं कोडं सुटतं.

आता तुमच्या पत्रातली सकाळी सातची गोळी. रेडिएशन चालू असताना सकाळची वेळ सोयीची असते. पण पाच दिवसांच्या सायकलमध्ये ती वेळ धरून ठेवायची गरज नाही. माहितीपत्रकात रात्री झोपताना घेण्याचा पर्याय दिलेला आहे, आणि मी बहुतेकांना तोच सांगायचे. संध्याकाळी सातला हलकं जेवण, साडेआठ-नऊला उलटीची गोळी, बहुधा ऑन्डॅन्सेट्रॉन असेल, तासाभरानं केमोची गोळी एक पेलाभर पाण्याबरोबर, आणि दिवा बंद. मळमळीचा जोर झोपेत निघून जातो. हा बदल डॉक्टरांना फोनवर विचारून मगच करा. गोळी अख्खी गिळायची, उघडायची नाही, चावायची नाही. फुटली तर आतली पूड हाताला लागू द्यायची नाही, नाकात जाऊ द्यायची नाही. आणि हे ठळक लक्षात ठेवा, गोळी घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी द्यायची नाही. काळजीपोटी घरचे लोक दुसरी देतात आणि डोस दुप्पट होतो.

ऑन्डॅन्सेट्रॉन घेऊनही उलट्या थांबत नसतील तर ‘एवढं होणारच’ म्हणून बसू नका. पुढची औषधं आहेत. ओलान्झापिन नावाची गोळी रात्री देतात. पूर्वी १० मिलिग्रॅम द्यायचे, त्यानं पेशंट दुसऱ्या दिवशी पेंगत राहायचे. टाटा मेमोरियलच्याच चाचणीत, २०२४ मध्ये, २.५ मिलिग्रॅमनंही तेवढंच काम होतं आणि पेंग कमी येते असं दिसलं. वहिनींना फिटचा इतिहास आहे, आणि या गोळीनं काहींना फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून हा निर्णय डॉक्टरांचा. तुम्ही फक्त विचारायचं.

ऑन्डॅन्सेट्रॉननं पोट घट्ट होतं. बायकांना बद्धकोष्ठाचा त्रास आधीच जास्त, आणि त्यात त्या सांगत नाहीत. प्लेटलेट कमी असताना शौचाला कुंथणं धोक्याचं. इसबगोल, भरपूर पाणी, आणि लागलंच तर डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध. स्वयंपाकघरात त्या पाच दिवसांत लसणाची फोडणी टाळली तरी फरक पडतो. भाताची पेज, ताकात कुस्करलेली मऊ भाकरी, जे जाईल ते, थोडं थोडं. आणि त्या आठवड्यात चतुर्थी आली तर उपास नको. आईंनाच ते सांगू द्या, सासूनं उपास सोडायला सांगितला की सुनेला अपराधी वाटत नाही.

इथं माझी एक चूक सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी एक शिक्षिका औषध न्यायला यायच्या. पहिल्या सायकलनंतर म्हणाल्या, फार उलट्या झाल्या हो. खिडकीबाहेर रांग होती. मी पाकिटावर लिहिता लिहिता म्हणाले, होतं सगळ्यांना, दोन दिवसांत बसतं. दुसऱ्या वेळी त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिसऱ्या वेळी त्यांना व्हीलचेअरवर आणलं. अंगातलं पाणी पार आटलेलं, ओठांना भेगा. त्यांच्या यजमानांनी सांगितलं, की ‘सगळ्यांना होतं म्हणाल्या त्या बाई, मग काय सांगायचं.’ सलाइन लावून त्या सावरल्या. पण माझ्या एका वाक्यानं त्यांचं तोंड बंद झालं होतं. त्यानंतर मी प्रत्येकाला, विशेषतः प्रत्येक बाईला, लिहायचं काम खाली ठेवून विचारत आले, किती वेळा झाली? पाणी ठरतंय का? लघवी दिवसातून किती वेळा होते?

तुमच्या शेजारच्या काकांबद्दलही मला थोडी काळजी वाटते. ‘काही होत नाही’ म्हणणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. ताप अंगावर काढतात, हिरड्यांतून रक्त येतं तर ब्रश जोरात लागला म्हणतात. पुन्हा भेटलात तर त्यांनाही रक्ताच्या तपासणीचं विचारा.

आता प्लेटलेट. या गोळीचा रक्तावरचा परिणाम उशिरा येतो. प्लेटलेट सर्वांत खाली जातात त्या साधारण २६ व्या दिवसाच्या सुमारास, पांढऱ्या पेशी २८ व्या. म्हणजे बाविसाव्या दिवशीचे ४२ हजार हा तळ असेलच असं नाही. म्हणून दर आठवड्याची तपासणी चुकवू नका. ती गावाजवळच्या चांगल्या लॅबमध्ये करून रिपोर्टाचा फोटो डॉक्टरांना पाठवता येतो, प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज नसते.

या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. नडगीवर डास चावल्यासारखे पण न खाजणारे बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, अचानक उठलेली जोराची डोकेदुखी, नव्यानं जाणवणारा हातापायाचा अशक्तपणा, यातलं काहीही दिसलं तरी तसंच. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या नकोत, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्त गोठण्यात अडथळा येतो. मऊ ब्रश वापरा.

आणि पाळी. याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, डॉक्टरांनीही बहुधा विचारलं नसेल, आणि वहिनी आपणहून बोलणार नाहीत. प्लेटलेट उतरलेल्या असताना पाळी आली तर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. दोन तासांत पॅड भिजत असेल तर लगेच कळवायचं. त्या आठवड्यांत पाळी थांबवणारी औषधंही डॉक्टर देऊ शकतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या अर्ध्याहून जास्त स्त्रियांचं हिमोग्लोबिन कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ५४.२ टक्के होता. म्हणजे आपल्याकडची बाई केमोला बसते तीच मुळात कमी रक्तावर. वहिनींचं उपचारापूर्वीचं हिमोग्लोबिन किती होतं ते जुन्या फाइलमध्ये बघा आणि आताच्या शेजारी लिहा. गर्भधारणा टाळणं या काळात आवश्यक आहे, शेवटच्या गोळीनंतरही सहा महिने. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नका.

फिटसाठी कुठली गोळी चालू आहे तेही पत्रात नाही. व्हॅल्प्रोएट असेल तर डॉक्टरांना मुद्दाम आठवण करा. ती गोळी स्वतःच प्लेटलेट उतरवते, आणि त्यातही रक्तातली जी पातळी पुरुषांना चालते त्याहून कमी पातळीवर स्त्रियांना हा त्रास सुरू होतो. पुरुषांच्या बाबतीत धोक्याची रेघ दर मिलिलिटर रक्ताला १३५ मायक्रोग्रॅमवर, स्त्रियांच्या बाबतीत ११० वर. बघा, इथंही तेच. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करायची नाही. फिटची गोळी अचानक थांबवणं फार धोक्याचं. न्यूमोनिया टाळायला सल्फाची गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिनंही पेशी उतरू शकतात. मेंदूची सूज उतरवणारी डेक्सामेथासोन चालू असेल तर चेहरा सुजणं, रात्री झोप न लागणं, साखर वाढणं हे त्या गोळीचं असतं. वहिनी आरशात बघून रडत असतील तर त्यांना सांगा की डोस उतरला की चेहऱ्यावरची सूजही उतरते.

पपईच्या पानांचा रस आता दहा जण सुचवतील. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात त्याचं कारण वेगळं, इथं कारखानाच काही दिवस मंदावलाय. गुळवेलीचा काढा तर नकोच. मुंबईतल्या डॉक्टरांनीच २०२१ मध्ये गुळवेलीनं यकृताला इजा झालेले पेशंट नोंदवलेत, आणि टेमोझोलोमाइडनंही क्वचित यकृत बिघडतं. दोन्हींचा भार एकाच यकृतावर कशाला?

एक काम तुमच्यासाठी. मुलीची जुनी अर्धवट वही घ्या. पानावर सायकलचा दिवस लिहा, पहिला, दुसरा, असं करत अठ्ठाविसाव्यापर्यंत. रोज उलट्या किती, खाल्लं काय, शौच झाली का, ताप किती, पाळी आली का. रक्ताचा रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट त्याच दिवसाच्या पानावर. ओपीडीत डॉक्टरांकडे जेमतेम काही मिनिटं असतात, ‘फार त्रास झाला’ यातून त्यांना फारसं कळत नाही. ‘दुसऱ्या दिवशी सात वेळा, पाणी ठरलं नाही’ यातून लगेच कळतं.

पुढच्या सायकलच्या गोळ्या घ्याल तेव्हा आधीच्या उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, औषध विभागात परत द्या. डोस बदलला की जुनी आणि नवी पाकिटं मिसळतात आणि गोंधळ होतो. पाकिटावर आमच्यासारख्या कुणीतरी लिहिलेला आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघा. शंभरच्या पायरीला वहिनींचा रोजचा डोस १५० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवा, वजन बदललं असेल तर थोडं इकडेतिकडे.

पुढची तपासणी झाली की तीन आकडे मला कळवा, फिटच्या गोळीचं नावही. आणि वहिनींनी स्वतः चार ओळी लिहिल्या तर मला फार बरं वाटेल, आतापर्यंत मी फक्त तुमच्याकडूनच ऐकलंय.